‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ



‘शुश्रूषा’ हा शब्द मराठी घरांत अगदी परिचयाचा आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, वेळच्या वेळी औषध देणे, त्याची कूस बदलून देणे, ह्या साऱ्याला शुश्रूषा म्हणतात. परंतु ह्या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास मोठी मौज वाटते. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्या धातूचे इच्छार्थक रूप होऊन हा शब्द सिद्ध झाला. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचे बोलणे ऐकावयास जो उत्सुक असेल तो गुरूची सेवाही करीलच, ह्या न्यायाने पुढे त्या शब्दास सेवेचा अर्थ चिकटला आणि तेथून तो आजाऱ्याच्या खाटेपाशी येऊन स्थिरावला. अर्थ पालटला, पण जुन्या अर्थाचा धागा तुटला नाही. जो ऐकत नाही त्याच्या हातून आजाऱ्याची सेवा नीट होत नाही, हे कोणत्याही अनुभवी परिचारिकेस पुसले तरी ती सांगेल.

‘नर्सिंग होम’ ह्यास सरकारी मराठीत ‘शुश्रूषागृह’ असाच प्रतिशब्द योजिलेला आहे. कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून फेरफटका मारला तर अशा गृहांच्या पाट्या हाकेच्या अंतरावर दिसतात. खाली औषधांचे दुकान, वर दहा-वीस खाटा, जिन्याशी चपलांचा ढीग आणि बाकावर डबा घेऊन बसलेले नातेवाईक, हे चित्र शहरातील प्रत्येक कुटुंबाने केव्हा ना केव्हा पाहिलेले असते. ह्या खाटांवर निजलेल्या माणसाची सुरक्षितता कशावर अवलंबून असते, ह्याचा विचार मात्र क्वचितच होतो. घर निवडताना लोक डॉक्टरांची पदवी पाहतात, यंत्रे पाहतात, बिलाची चौकशी करतात. रात्री दोन वाजता तेथे जागी असणारी मुलगी आपली चूक कबूल करावयास भिते की नाही, हे कोणी पाहत नाही. वास्तविक रुग्णाचे बरेवाईट पुष्कळदा त्याच गोष्टीवर ठरते.

एक खुलासा येथे केला पाहिजे. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे वृद्ध व परावलंबी माणसांचे दीर्घ मुक्कामाचे निवासस्थान. महाराष्ट्रात त्या नावाखाली प्रसूतिगृहापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्व खासगी रुग्णालये येतात. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळाने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला. शुश्रूषा करणाऱ्या माणसांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसल्यास नोंदणी नाकारता यावी, अशी तरतूद त्यात आहे. २०२१ साली त्या कायद्याचे नियम सुधारण्यात आले आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. कायद्याचे काम येथवर होते. भिंतीवर सनद लावविता येते. ती वाचणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कायद्यास पाहता येत नाही.

तथापि मनोवृत्ती हा राज्यकारभाराचा विषयच नव्हे, असेही म्हणता येत नाही, आणि त्याचा दाखला कोल्हापुरातच सापडतो. आज ज्यास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतात आणि जुनी मंडळी अजूनही ज्यास ‘थोरला दवाखाना’ म्हणतात, ते संस्थानी काळात अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या रुग्णास वैद्यकीय नोकरवर्ग शिवावयास कचरत असे. नाडी दुरून पाहणे, औषध वरून टाकणे, हे प्रकार घडत. आता न शिवता तपासलेला रुग्ण सुरक्षित कसा राहील? शाहू छत्रपतींनी १९१९ च्या जानेवारीत हुकूम काढून अशा रुग्णांना ममतेने व बरोबरीच्या नात्याने वागविण्याची आज्ञा केली आणि ज्या नोकरांस हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, असे बजाविले. त्या हुकमात औषधांचा किंवा उपकरणांचा प्रश्न नव्हता. खाटेवरच्या माणसाकडे पाहणाऱ्याची दृष्टी कशी असावी, एवढाच प्रश्न होता. आणि तो राजाने चाकरीच्या अटींत घातला. रुग्णाविषयीची वृत्ती ही नोकराची खासगी बाब नसून ती त्याच्या कामाचाच भाग आहे, हे तत्त्व कोल्हापुरास शंभर वर्षांमागेच शिकविले गेले आहे.

आता आजच्या शुश्रूषागृहातील धोके कोणते ते पाहू गेल्यास, ते बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेत नसून लहानसहान नित्यकर्मांत दडलेले आढळतात. मधुमेहाचे इन्शुलिन घ्या. भारतात ते दोन तीव्रतांचे मिळते. एका मिलिलिटरात ४० एकके असलेले आणि १०० एकके असलेले. त्यांच्या पिचकाऱ्याही निराळ्या असतात. पहिलीस लाल टोपण, दुसरीस नारिंगी. घाईत शंभराच्या बाटलीतील औषध चाळिसाच्या पिचकारीत भरले, तर रुग्णास अडीचपट मात्रा जाते आणि रक्तातील साखर उतरून तो निपचित पडतो. पोटॅशियम क्लोराइडची कुपी दिसावयास पाण्याच्या कुपीसारखी निरुपद्रवी. पण ती पातळ न करता शिरेत दिली तर हृदय बंद पडू शकते. म्हणून ती अन्य औषधांत मिसळून न ठेवता निराळ्या कपाटात ठेवावी, असा दंडक आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीस व माकडहाडास व्रण पडतात आणि ते महिनोगणती भरत नाहीत. रात्री लघवीस उठलेली म्हातारी ओल्या फरशीवरून घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि तापासाठी आलेली बाई तेथून चालत घरी जात नाही.

ह्यांतील एकही गोष्ट परिचारिकेस ठाऊक नसते असे नाही. शिक्षणक्रमात ह्या साऱ्यांचा पाठ असतो. मग चुका होतात कशा? ह्याचे उत्तर समजण्यासाठी एका काल्पनिक रात्रीचा विचार करावा.

समजा, एका शुश्रूषागृहात रात्रपाळीस दोघीच आहेत. एक अनुभवी सिस्टर, दुसरी नुकती रुजू झालेली मुलगी. शिवाय एक मावशी, जी झाडलोट करते, भांडे देते आणि रुग्णांची दुःखे ऐकते. नव्या मुलीच्या लक्षात येते की, आपण तीन नंबरच्या खाटेवरील इंजेक्शन पाच नंबरला देऊ पाहत होतो. कुपी हातात आहे, सुई टोचलेली नाही. तिच्या काळजाचे पाणी होते. ती नंबर पुन्हा पाहते, योग्य रुग्णास इंजेक्शन देते आणि गप्प बसते. कारण मागच्याच आठवड्यात दुसऱ्या एकीने असेच काही सांगितले होते, तेव्हा तिला साऱ्या नातेवाइकांदेखत बोलणी खावी लागली होती आणि एक दिवसाचा पगारही कापला गेला होता. सकाळी आठ वाजता पाळी बदलते. ‘ओव्हर’ देताना ती ताप, रक्तदाब, सलाईन सारे सांगते. हे मात्र सांगत नाही. त्या दोन खाटांवरील रुग्णांची आडनावे एकच आहेत आणि कागद एकाच फळीवर ठेवले आहेत, म्हणून घोटाळा होतो आहे, हे कोणास कळतच नाही. चार दिवसांनी दुसरी मुलगी त्याच जागी येते. तिच्या वेळी मात्र सुई टोचली जाते.

ह्या गोष्टीत वाईट कोण? पहिली मुलगी वाईट नव्हे. ती घाबरलेली होती. मालक डॉक्टरही दुष्ट नव्हेत. कडक शिस्तीने चुका थांबतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु त्या शिस्तीने चूक थांबली नाही, चुकीची बातमी तेवढी थांबली.

कोल्हापूरकरांस हे समजावून सांगावयास दूर जाण्याचे कारण नाही. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याच्या दोन खुणा मानलेल्या आहेत. ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. पावसाळ्यात साऱ्या शहराचे लक्ष त्या आकड्यांकडे असते. इशारा पातळी आली म्हणजे कोणी नदीला दंड करीत नाही, की पातळी मोजणाऱ्यास शिव्या देत नाही. नदीकाठची माणसे सामान हलवितात, जनावरे सोडतात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोहोचवितात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. त्या दोन्ही वेळी ज्यांनी इशारा मानला त्यांचे निदान प्राण व चीजवस्तू वाचली. शुश्रूषागृहात टोचता टोचता राहिलेली सुई ही इशारा पातळी होय. मोजणाऱ्यास दम देऊन गप्प बसविले, तर थेट धोका पातळीच दिसावयाची.

अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या विदुषीने केलेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तिने दोन रुग्णालयांतील आठ विभाग पाहिले. जेथे परिचारिकांचे नेतृत्व उत्तम, आपसांत विश्वास अधिक, तेथे औषधांच्या चुका कमी असतील, अशी तिची अपेक्षा होती. पण आकडे उलटेच आले. उत्तम विभागांतच चुकांच्या नोंदी अधिक! प्रथम तीही चक्रावली. पुढे खोलात गेल्यावर उलगडा झाला की, तेथे चुकांविषयी मोकळेपणाने बोलले जात होते, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. उरलेल्या विभागांत त्या लपविल्या जात होत्या. ज्या शुश्रूषागृहाच्या वहीत वर्षभरात एकही चूक नोंदलेली नाही, ते निर्दोष आहे असे समजण्याची घाई करू नये, हा त्यातील बोध आहे.

भंडाऱ्याची हकीकत अजून महाराष्ट्र विसरलेला नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. आत सतरा अर्भके होती; सात वाचली, दहा गेली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सक व अन्य काहींना निलंबित करण्यात आले आणि कंत्राटी परिचारिकांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या. ज्या मातांनी बाळे गमावली, त्यांच्या दुःखापुढे कोणतीही शिक्षा थोडीच. परंतु शिक्षा झाली म्हणजे काम संपले, ही समजूत घातक ठरते. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून बावीसहून अधिक रुग्ण दगावले, दोनच दिवसांनी विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली, आणि नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा तेच. स्वतः कोल्हापुरात थोरल्या दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात २८ सप्टेंबर २०२० च्या पहाटे आग लागली होती आणि रुग्णांना धावपळ करून अन्यत्र हलवावे लागले होते. एका ठिकाणच्या शिक्षेने दुसरे ठिकाण शहाणे होत नाही. शहाणपण येते ते रोजच्या रोज तारेचा वास, यंत्राचा आवाज, नळीची गळती ह्यांविषयी जो बोलेल त्याचे ऐकून घेतल्याने. हा वास पहिल्याने कोणास येतो? बहुधा मावशीस, पहारेकऱ्यास, झाडूवाल्यास. आणि ज्यांचे कोणी ऐकत नाही, तीही हीच माणसे.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चुका करणाऱ्यास मोकळे सोडावयाचे काय? नव्हे. चूक आणि बेफिकिरी ह्यांत भेद आहे. दमलेल्या हाताने दोन सारख्या कुप्यांत घोटाळा करणे ही चूक होय. पाळीवर मद्य पिऊन येणे, न दिलेले औषध दिले म्हणून लिहिणे, रुग्णास मारणे, ही बेफिकिरी आणि गुन्हा होय. पहिलीस समजावून घ्यावे, दुसरीस शासन करावे. दोन्हींस एकच काठी लावली, की प्रामाणिक माणूस खोटे बोलावयास शिकतो आणि खोटा माणूस होता तसाच राहतो. शाहू छत्रपतींच्या हुकमाने राजीनामा मागितला तो चुकणाऱ्यांकडून नव्हे, रुग्णास माणूस मानावयास नकार देणाऱ्यांकडून, हेही ह्या ठिकाणी ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरा आक्षेप परिचारिकांच्या बाजूचा. त्यांना बारा-बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, एकीच्या अंगावर दोघींचे काम. वर रुग्ण दगावला तर नातेवाइकांचा जमाव. रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ह्यावरून परिस्थितीची कल्पना येईल. अशा स्थितीत ‘वृत्ती सुधारा’ म्हणून उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास सावकाश जेवण्याचा सल्ला देण्यासारखे होय. माणसे पुरेशी नेमणे, त्यांना झोप मिळू देणे, हे मालकांचे पहिले कर्तव्य. त्यानंतरच बाकीच्या गोष्टी.

मात्र काही गोष्टींस पैसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची एक यादी तयार केली आणि २००७-०८ मध्ये दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली. मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ होते ते ०.८ वर आले. त्या यादीत रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, ह्या गोष्टी आहेतच. पण एक बाब अशी की, हत्यार लावण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु ज्या मुलीने एकदा सर्वांसमक्ष आपले नाव उच्चारले, तिला पुढे ‘सर, थांबा, डावा पाय नव्हे, उजवा,’ असे म्हणण्याचा धीर येतो. जिला दिवसभर ‘ए, इकडे ये’ एवढीच हाक ऐकावी लागते, तिला तो कोठून येणार?

शुश्रूषागृहातील नोकरवर्गाच्या मनाचा ठाव घेण्यासाठी अमेरिकन सरकारच्या एका संस्थेने २००८ साली प्रश्नावली प्रसिद्ध केली. पाळी बदलताना माहिती पूर्ण दिली जाते काय, चूक झाल्यास दोष माणसावर ढकलला जातो काय, सूचना केल्यास वरिष्ठ ऐकतात काय, घडलेल्या प्रसंगातून पुढे काही शिकले जाते काय, अशा बारा अंगांनी ती प्रश्न विचारते. कोल्हापुरातील शुश्रूषागृहाच्या मालकांस एवढा खटाटोप नको असेल, तर त्यांनी महिन्यातून एकदा चहाच्या वेळी सर्वांना, मावशी व वॉर्डबॉय धरून, एकत्र बसवावे आणि एकच प्रश्न विचारावा: ‘ह्या महिन्यात काय घडता घडता राहिले?’ जो प्रथम बोलेल त्याचे सर्वांदेखत आभार मानावे. पहिल्या महिन्यात कोणी तोंड उघडणार नाही. दुसऱ्या महिन्यात एखादी मावशी म्हणेल, की न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाणी साचते. तो उंबरा आठ दिवसांच्या आत दुरुस्त झाला, तर तिसऱ्या महिन्यात सारे बोलू लागतील. न झाला, तर पुन्हा कोणी बोलणार नाही.

राहता राहिली गोष्ट कुटुंबांची. रुग्णास दाखल करताना घरी चालू असलेल्या औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी. कोणते औषध वर्ज्य आहे, ते ठळक सांगावे. सुई टोचण्यापूर्वी ‘सिस्टर, हे कशाचे?’ असे शांतपणे विचारावे. तो रुग्णाचा अधिकार आहे आणि सुज्ञ परिचारिकेस त्याचा राग येत नाही. रात्री सोबतीस राहणाऱ्याने मोबाइलऐवजी मधून मधून खाटेकडे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, एखादी परिचारिका होऊन येऊन ‘काकू, गोळी द्यावयास तासभर उशीर झाला, डॉक्टरांना कळविले आहे,’ असे सांगेल, तेव्हा तिच्यावर तुटून पडू नये. तिने सांगितले, हेच तेथे रुग्ण सुरक्षित असल्याचे चिन्ह आहे. आरडाओरडा करणारे कुटुंब त्या एका चुकीचा सूड घेते खरे, पण पुढच्या दहा चुका आपल्या हाताने झाकून टाकते, आणि त्या झाकलेल्या चुका कोणा दुसऱ्याच्या आईच्या वाट्यास येतात.

तात्पर्य, मालकाने मेट्रनचे, मेट्रनने नव्या मुलीचे, नव्या मुलीने मावशीचे आणि सर्वांनी मिळून खाटेवरच्या माणसाचे ऐकावे. दहा खाटांच्या घरापासून थोरल्या दवाखान्यापर्यंत सर्वांस हा नियम सारखाच लागू आहे. राजारामपुरीतील एखाद्या जिन्याने रात्री वर जाताना ‘शुश्रूषागृह’ अशी पाटी ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याने त्या शब्दाचा जुना अर्थ क्षणभर आठवावा, आणि वर पोहोचल्यावर तेथे कोण कोणाचे ऐकत आहे, एवढे पाहून घ्यावे.